पिट रिव्हर्स वस्तुसंग्रहालयाचे दफ्तर: नोंदींचे एक परीक्षण

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिट रिव्हर्स वस्तुसंग्रहालयाबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथल्या दाटीवाटीने भरलेल्या काचेच्या कपाटांबद्दल लिहितात. इथे मात्र विचार करायचा आहे तो त्या कपाटांमागच्या दफ्तराचा, म्हणजे दाखल नोंदवह्या, कार्डे, पत्रव्यवहार, वस्तूंना बांधलेल्या चिठ्ठ्या आणि या सगळ्यांच्या आधारे तयार झालेली ऑनलाइन सूची यांचा. ही सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. मूळ कागद पाहायचे असल्यास अभ्यासकाला आधी वेळ ठरवून जावे लागते. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. जुने शब्द न पुसता जपण्याच्या बाबतीत हे दफ्तर उत्कृष्ट आहे. वस्तू कोणी दिली हे ते बारकाईने सांगते, पण ती कोणी घडवली याबद्दल बहुतेक वेळा गप्प राहते.

जनरल ऑगस्टस पिट रिव्हर्स यांनी 1884 मध्ये आपल्या वीस हजारांहून अधिक वस्तू विद्यापीठाला दिल्या, आणि विद्यापीठाने मानववंशशास्त्राचा कायमस्वरूपी अध्यापक नेमावा अशी अटही घातली. त्या पदावर एडवर्ड टायलर आले. आज हा संग्रह, छायाचित्रे आणि हस्तलिखिते धरून, पाच लाखांहून अधिक नोंदींचा झाला आहे. इतका पसारा सावरला गेला याचे मोठे श्रेय पहिले अभिरक्षक हेन्री बाल्फर यांना द्यावे लागते. 1939 मध्ये निधन होईपर्यंत ते या पदावर होते आणि वस्तूंवर बारीक अक्षरात माहिती लिहिण्याची शिस्त त्यांच्या काळात पक्की झाली.

सूचीतली एखादी नोंद उघडली की या शिस्तीचा फायदा लगेच ध्यानात येतो. दाखल क्रमांकाचा पहिला भाग हे वस्तू आल्याचे वर्ष असते, त्यामुळे क्रमांक वाचतानाच काळाचा अंदाज येतो. त्यानंतर प्रत्यक्ष गोळा करणारा, संग्रहालयाला देणारा, गोळा केल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख अशी वेगवेगळी रकाने येतात. गोळा करणारा आणि देणारा हे अनेकदा एकच नसतात, आणि कित्येक संग्रहालयांच्या सूचींत हा फरक पुसला जातो. इथे तो राखलेला आहे. पुढे नोंदवहीतला मजकूर, कार्डावरचा मजकूर, जुन्या चिठ्ठीवरचा मजकूर आणि खुद्द वस्तूवर शाईने लिहिलेला मजकूर, प्रत्येकाचे मूळ स्थान सांगून, स्वतंत्रपणे उतरवलेला असतो. नंतरच्या कर्मचाऱ्याने भर घातली असेल तर चौकटी कंसात त्याची आद्याक्षरे आणि तारीख दिलेली असते. कोणते विधान कोणाचे आणि कोणत्या काळातले आहे हे त्यामुळे वाचकाला वेगळे काढता येते.

या पद्धतीचे मोल कळायला इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेलिंग्टन गावच्या ‘चेटकिणीच्या शिडी’ची नोंद वाचावी. 1878 मध्ये एक जुने घर पाडताना छपराखालच्या बंद जागेत पिसे खोवलेली एक दोरी सापडली. सोबत काही झाडू आणि एक जुनी खुर्ची होती. ही दोरी टायलर यांच्याकडे आली आणि 1887 मध्ये त्यांनी ती मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेत दाखवली, तेव्हा श्रोत्यांपैकी दोघांनी त्यांना सांगितले की शिकारीत हरणांना बुजवून मागे फिरवण्यासाठी अशी पिसांची दोरी वापरतात. 1911 मध्ये टायलर यांच्या पत्नीने ती संग्रहालयाला दिली. सोबतच्या टिपणात त्यांनी लिहिले की शेजाऱ्यांच्या गाईंचे दूध पळवण्यासाठी ती वापरली जात असावी असे सांगण्यात आले होते, ‘शिडी’ या नावावरून वाटेल तसा उडण्याचा किंवा वर चढण्याचा उल्लेख कोणीच केला नव्हता. एखाद्या उत्साही सूचीकाराने यातले एक स्पष्टीकरण निवडून बाकीची गाळली असती, आणि वाचकाच्या हाती एक छान, पण विश्वास ठेवू नये अशी गोष्ट पडली असती. इथे परस्परांना छेद देणारी सगळी विधाने शेजारी शेजारी उभी आहेत.

कागदाने वस्तूंची ओळख परत मिळवून दिल्याचे उदाहरण याहून मोठे आहे. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर, 1772 ते 1775 या काळात, योहान राइनहोल्ड फॉर्स्टर आणि त्यांचे पुत्र गेऑर्ग हे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेले होते. प्रशांत महासागरातल्या बेटांवर जमवलेल्या वस्तूंचा एक संच त्यांनी 1776 मध्ये ऑक्सफर्डला पाठवला. तो आधी ऑक्सफर्डच्याच अ‍ॅशमोलियन संग्रहालयात राहिला आणि 1886 मध्ये इतर वस्तूंबरोबर पिट रिव्हर्सकडे आला. या स्थलांतरांत त्याची ओळख बरीच पुसट झाली. पुढे फॉर्स्टर यांनी पाठवलेल्या वस्तूंची हस्तलिखित यादी संग्रहालयाच्याच कागदांत हाती लागली, तिच्या आधारे एकेक वस्तू जुळवता आली आणि 1970 मध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. ज्यांना दफ्तर म्हणजे वस्तूंची शेपटी वाटते त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

याच्या उलट बाजूही आहे. ऑक्सफर्डला दिलेल्या संग्रहाखेरीज जनरल पिट रिव्हर्स यांनी दुसरा मोठा संग्रह जमवला आणि डॉर्सेटमधल्या फार्नहॅम येथे ठेवला. विसाव्या शतकात तो विकला जाऊन जगभर विखुरला. त्याच्या सचित्र सूचीचे 9 खंड मात्र केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत वस्तूंची जलरंगातली चित्रे आहेत. पिट रिव्हर्स संग्रहालयाच्या अभ्यासकांनी या खंडांतल्या नोंदींवरही काम केले, त्यामुळे आता दोन्ही संग्रहांकडे एकत्र पाहता येते. लिलावात अचानक वर येणाऱ्या वस्तूचा मागोवा घ्यायचा असेल तर हे खंड आजही उपयोगी पडतात.

आता त्रुटींकडे येतो. पहिली आणि सर्वांत मोठी त्रुटी कर्त्याच्या, म्हणजे वस्तू घडवणाऱ्याच्या, रकान्याची आहे: तो बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. हा आजच्या सूचीकारांचा दोष नव्हे, कारण जे मूळ नोंदवहीत कधी विचारलेच गेले नाही ते आता कुठून आणणार? पण त्याचा परिणाम खोल आहे. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या ब्रिटिश प्रशासकांनी नागा टेकड्यांमधून हजारो वस्तू पाठवल्या. या दोघांची नावे, त्यांची पदे आणि देणगीची वर्षे नोंदींत व्यवस्थित मिळतात. भाला करणारा लोहार किंवा शाल विणणारी स्त्री यांची नावे तशी मिळत नाहीत. न्यूझीलंडच्या मकेरेती या माओरी विदुषीने ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, आणि 1930 मध्ये निधन झाल्यावर त्यांचे कागद या संग्रहालयात आले. समाजाच्या आतून लिहिलेली माहिती किती वेगळी असते हे त्या कागदांशेजारी इतर नोंदी ठेवल्या म्हणजे कळते.

दुसरी अडचण शोधाची आहे, आणि ती जुन्या शब्दांवरच्या निष्ठेतूनच निघते. नोंदवहीत गावाचे किंवा समाजाचे जे स्पेलिंग शंभर वर्षांपूर्वी लिहिले गेले ते तसेच राहते, म्हणून आजचे नाव टाकून सगळे सापडेल असे समजू नये. शिवाय काही जुनी वर्णने सरळसरळ अपमानकारक आहेत. अशा भाषेचा आढावा घेण्याचे काम संग्रहालयाने अलीकडच्या काळात हाती घेतले आहे, आणि 2020 मध्ये त्याने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. नागा पूर्वजांचे अवशेष परत नेण्याबाबत नागा समाजातले लोक आणि संग्रहालय यांच्यात संवाद सुरू झाला, तेव्हा या नोंदी केवळ अभ्यासाचे साधन उरल्या नाहीत. कोणता अवशेष कोणत्या गावचा हे ठरवायला त्या पुराव्यासारख्या लागतात. अपमानकारक शब्द दर्शनी भागातून हटवावेत, पण मूळ नोंद कधीही नष्ट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरायला सुरुवात करणाऱ्याने वस्तूच्या नावापेक्षा व्यक्तीच्या नावापासून शोध घेतलेला बरा. गोळा करणाऱ्याच्या नावाने आणि देणाऱ्याच्या नावाने स्वतंत्रपणे शोधावे, वस्तू ज्या वर्षी मिळाली त्या वर्षाचा संग्रहालयाचा वार्षिक अहवाल पाहावा, आणि मगच पत्रव्यवहाराची मागणी करावी. सूचीतल्या छोट्या छायाचित्रावर समाधान मानून उपयोगाची नोंद बंद करू नये, कारण खालच्या टिपांच्या लांबलचक मजकुरात, जिथे वाचक सहसा पोचत नाही, तिथेच पत्राचा संदर्भ दिलेला असतो.