मुंबई–नागपूर: विमान, दुरांतो की समृद्धी?

मुंबई ते नागपूर सरळ रेषेत मोजलं तर अंतर साधारण ६८५ किलोमीटर. कसारा, भुसावळ, अकोला, वर्धा असा रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा, तर मुंबईजवळच्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. मात्र निवड या आकड्यांवर करू नका. घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत किती तास जातात आणि ते दिवसाचे की रात्रीचे, ते बघा.

विमानाच्या तिकिटावर दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं दिसतात. हवेत असता जेमतेम सव्वा तास, बाकी वेळ धावपट्टीच्या रांगेत जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि संध्याकाळी खोळंबा वाढतो. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असल्याने जाताना काही मिनिटं वाचतात, येताना तेवढी जास्त लागतात.

दादरहून हिशेब मांडा: विमानतळ गाठायला तास, तिथे दोन तास, विमानात दीड-पावणेदोन, सामान मिळायला अर्धा, नागपुरात घरी पोहोचायला आणखी अर्धा. म्हणजे साडेपाच ते सहा तास. फक्त हातातलं सामान असेल तर यातला तासभर सहज वाचतो. सामान द्यायचा काउंटर विमान सुटण्याआधी तासभर बंद होतो, आणि बहुतेक जण अडकतात ते इथेच. तिकिटावर टर्मिनल १ की २, हेही आधी पाहा. टर्मिनल चुकलं तर रस्त्याने वळसा घालावा लागतो. परतताना संत्र्यांची पेटी आणणार असाल तर १५ किलोची मर्यादा लक्षात ठेवा.

दुरांतो एक्स्प्रेस रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी सात-साडेसातला नागपुरात. अकरा तास, पण दिवसाचा एकही जात नाही. एकट्या माणसाचं सकाळचं काम असेल तर आमची पहिली पसंती हीच. अडचण आरक्षणाची. ते ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या दिवसांत पाहता पाहता संपतं. न मिळाल्यास विदर्भ एक्स्प्रेस बघा, तिला मात्र चौदा तासांच्या आसपास लागतात.

समृद्धी ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला. कारला सपाटीवर ताशी १२०ची मर्यादा आहे, तरी थांबे धरून आठ तास आणि दादर ते आमणे एक-दोन तास वेगळे. टोल एका बाजूने सुमारे १,४५० रुपये. लिटरला १५ किलोमीटर धरले तर पेट्रोल ५० लिटर, आणि सतत १२०ने पळवलीत तर त्याहून जास्त. चौघं असाल तरच हे परवडतं. टायर जुने किंवा हवा कमी असेल तर उन्हात, वेगात ते तापून फुटतात. त्यामुळे निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासा. सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून दर दोन तासांनी उतरा. दुचाकीला इथे बंदी आहे.

अमरावतीला जायचं असेल तर नागपूरचं विमान घेऊच नका. तिथून दीडशे किलोमीटर मागे यावं लागतं. मुंबई–अमरावती एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी थेट शहरात.