आउलबेअर रोडिओ: सहा महिने वापरल्यावर

मी देवगडात, मामेभाऊ पुण्यात, एक मैत्रीण चिपळूणला आणि चौथा गडी मालवणात. त्याच्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, चौघांनाही नवा. गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. लांबून एकत्र खेळायचं तर ऑनलाइन पट हवा, आउलबेअर रोडिओ तसाच एक.

पहिल्या शनिवारी सगळ्या सोयी असलेलं एक भारीतलं सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येकाने खातं काढा, आपल्या पात्राच्या माहितीची शीट भरा, मग खेळा. दोन तास त्यातच गेले. मालवणचा गडी शेवटपर्यंत म्हणत होता, "अगो, माका कायच दिसना नाय!" त्या रात्री एकही फासा पडला नाही. फार वाईट वाटलं.

तेव्हा ठरवलं, त्याच्या मोबाइलवर जे उघडेल तेच आमचं. आउलबेअर रोडिओ ब्राउझरमध्ये चालतं. मी व्हॉट्सअॅपवर लिंक टाकते, खेळाडूंना खातं लागत नाही. नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फासे आणि नकाशा झाकायला फॉग, एवढ्यावर आमचं भागतं.

विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी मी चौकटीच्या वहीत काढली, एक चौकट म्हणजे 5 फूट, आणि फोटो चढवून अख्खा गड फॉगखाली झाकला. मैत्रिणीचं टोकन पहिल्या दरवाजातून आत गेलं तसा तेवढाच तुकडा उघडला. समोर दुसरा तट! कॉलवर सगळे एकदम गप्प. त्या क्षणासाठीच मी हा खेळ चालवते.

नकाशाचा फोटो मात्र लहान करूनच चढवा. पावसात मोबाइलचं नेट रडतं, तिथे 10 एमबीचा फोटो कुणाकडेच पटकन उघडत नाही. बोलायला वेगळा कॉल लावावा लागतो. शीट आम्ही वहीतच लिहितो. बेरीज हाताने केली की नियम लवकर अंगवळणी पडतात, असं माझं मत. नियमांचं पुस्तकही लगेच घेऊ नका, मूळ नियमांचा संच, 5.1 एसआरडी, 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात आहे, फुकट.

सगळ्यांकडे लॅपटॉप असतील तर रोल20 बघा, शीटवर क्लिक केलं की फासा पडून बेरीजही होते. फाउंड्री हा आणखी एक पट, त्याचे पैसे एकदाच, तेही फक्त गेममास्टरने भरायचे, म्हणून मलाही मोह झाला होता. पण वेगळं होस्टिंग (भाड्याचा सर्व्हर) घेतलं नाही तर ते गेममास्टरच्याच मशीनवर चालतं. आमच्याकडे आषाढात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणजे माझ्यासोबत बाकी तिघांचाही खेळ बुडणार. आता लाईट गेली तर मी मोबाइलवरून परत आत येते, टोकनं जागच्या जागी असतात.

येत्या शनिवारी सिंधुदुर्ग. त्याचा गोमुखी दरवाजा काढतेय, वळण अजून नीट जमत नाहीये.