साडेसहाशेचा ओबीडी डोंगल आणि गाडीचा गेलेला पिकअप : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या गणपतीत खंडाळ्याच्या घाटात सिमेंटच्या एका मिक्सरने मला ओव्हरटेक केलं. गाडीत आम्ही चौघं, डिकीत सीएनजीची टाकी, टाकीवर कोंबलेल्या पिशव्या, दुसरा गिअर, पॅडल पार तळाला आणि स्पीडचा काटा चाळिशीला चिकटलेला. मागून शिवनेरी दिवे मारत होती. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उतरून चालत गेलो तर आधी पोचू." त्या दिवशी मी पहिल्यांदा कबूल केलं की गाडीचा पिकअप गेलाय.

गाडी २०१३ च्या दिवाळीत घेतलेली. बाराशे सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, एक लाख अठरा हजार किलोमीटर. मी कन्नमवार नगरला राहतो आणि रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरीला जातो. गांधीनगरचा फ्लायओव्हर ओलांडला की पवईकडे जो चढ लागतो, तो पूर्वी चौथ्यात सहज निघायचा. नंतर तिसऱ्यात निघायला लागला, मग दुसऱ्यात. हे सगळं पाच-सहा महिन्यांत इतकं हळूहळू झालं की मी गाडीला दोष द्यायच्या ऐवजी ट्रॅफिकला देत राहिलो. त्यात गॅसवर गाडीला दम थोडा कमीच असतो. गॅस इंजिनमध्ये जाताना हवेची जागा खातो, साधारण दहा टक्के ताकद तिथेच जाते. त्यामुळे 'गॅसची गाडी आहे, चालायचंच' हे कारण मला फार दिवस पुरलं.

ओबीडी डोंगल म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायची छोटी डबी, गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती ती फोनवर दाखवते. तो घेण्याआधी काय काय झालं ते थोडक्यात. चेक इंजिनचा दिवा लागला होता. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, पी०४२० कोड आला, मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, ३,८०० रुपये. दोन आठवड्यांनी दिवा परत हजर. दुसऱ्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी साफ, इंजेक्टर साफ, एअर फिल्टर नवा, २,६०० रुपये. गाडीचा आवाज छान झाला, पिकअप होता तिथेच. तिसरा म्हणाला हाफ इंजिन काम काढावं लागेल, पस्तीस हजार धरा. आणि तिघंही जाता जाता ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर, खापर फोडत एकच वाक्य बोलले : "आता ई२० पेट्रोल येतं ना साहेब, जुन्या गाड्यांचं असंच होणार."

तेव्हा ठरवलं की पुढचा रुपया खर्च करण्याआधी गाडी काय म्हणतेय ते आपण स्वतः ऐकायचं.

पहिला डोंगल मागवला तो फुकट गेला. बाजारात जे ईएलएम३२७ (डोंगलमधली चिप) म्हणून विकलं जातं ते बहुतेक सगळं नक्कल आहे, आणि वरच्या आवृत्तीचा आकडा छापलेला म्हणजे चांगला असं अजिबात नाही, उलटंच. '२.१' छापलेला माझ्या गाडीशी बोलेचना. परत केला. '१.५' वाला साडेसहाशेला घेतला, तो पहिल्या झटक्यात जोडला गेला. ब्लूटूथचा पिन १२३४, फोनवर टॉर्क नावाचं ॲप. घरात आयफोन असेल तर जुन्या ब्लूटूथचा हा स्वस्त डोंगल चालणार नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्यावा लागतो. आणि गाडीचं वय बघा. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या कित्येक गाड्यांतही चालतं, पण आधी कोणाचा तरी मागून लावून बघा.

आता मुद्द्याचं. कोड वाचायला हा डोंगल पुरेसा आहे, पण कोड वाचणं हा त्याचा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. पी०४२० चा अर्थ एवढाच, की कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं प्रदूषण कमी करणारा डबा) नीट काम करत नाहीये असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. सेन्सर खराब आहे असं तो कुठेही म्हणत नाही. पहिल्या गॅरेजने निरोप्यालाच बडवलं. खरी मजा आहे ती गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांत, आणि त्यातही दोनच आकड्यांनी माझं काम केलं.

पहिला आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळीतला दाब. चावी फिरवून इंजिन चालू न करता बघितलं की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे इथे शंभर किलोपास्कलच्या आसपास. नंतर लोणावळ्याला चहाला थांबलो असताना मुद्दाम बघितलं तर ९४ दाखवत होता. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. इंजिन आयडलला असताना ३५ आला, तोही ठीक. मग एका मित्राने सांगितलं तसं न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमवर पाय स्थिर धरून बसलो. निरोगी इंजिनात हा आकडा खाली येऊन तिथेच राहायला हवा. माझ्या गाडीत तो आधी ३० झाला, मग ३४, ४१, आणि मिनिटभरात ४८. पाय हलला नव्हता, फक्त आकडा चढत होता. जळालेला धूर मागून बाहेर पडत नाही, आत साचतो, आणि पुढून हवा घ्यायला जागाच उरत नाही, त्याचं हे लक्षण. सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी बसून मी ते तीन वेळा करून बघितलं. वॉचमन येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना म्हणून. (हा प्रयोग उघड्यावरच करा. बंद पार्किंगमध्ये धूर जीवघेणा असतो.)

व्हॅक्यूम गेज नावाचं जुनं हत्यार हेच काम करतं. मी उत्साहात तेही मागवलं होतं, नऊशे रुपये. पेटी अजून फोडलेली नाही, कारण मॅप सेन्सर हाच गाडीतला व्हॅक्यूम गेज आहे हे मला उशिरा कळलं.

दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय ते यात दिसतं. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर काळजी नाही. हे बघायचं ते पेट्रोलवर, कारण गॅसवर किटचा वेगळा कॉम्प्युटर मध्ये लुडबुड करतो. माझ्याकडे चढावर उणे चौदा येत होते. इथे ई२० वाली गोष्ट खोटी पडली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते मिसळलेलं पेट्रोल त्याच हवेला जास्त लागतं. दोष त्याचा असता तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवताना, म्हणजे अधिकमध्ये दिसला असता. माझा कापत होता. धूर अडलेला, आत ताजी हवा कमी, पण मॅप सेन्सरला दाब जास्त दिसतोय, म्हणून कॉम्प्युटर हिशोबाने जास्त पेट्रोल सोडतो आणि मग ऑक्सिजन सेन्सरच्या ओरडण्यावरून ते परत कापतो. दोन्ही आकडे एकाच जागेकडे बोट दाखवत होते. ई२० ने ॲव्हरेज थोडं पडतं हे मला मान्य आहे, पण चढावर दुसरा गिअर पाडायला लावण्याइतकं नाही.

आधी साध्या गोष्टी मात्र बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे आकड्यांत हरवाल. आरपीएम वाढतोय पण स्पीड वाढत नाही, तर क्लच सरकतोय. दहा मिनिटं चालवून चारही चाकांजवळ हात नेला आणि एक चाक भट्टीसारखं लागलं, तर ब्रेक धरून बसलाय. याला डोंगल लागत नाही.

आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडजवळच्या एका मेस्त्रींकडे गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. फोनकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला, त्या भोकात प्रेशर गेज पिळलं आणि पोराला म्हणाले, "दे अडीच हजार आरपीएम." काटा सहा पीएसआयवर गेला. तीनच्या आत हवा. मामा म्हणाले, "शेठ, तुमच्या गाडीच्या नाकाला चिमटा लावलाय कोणीतरी." नाकाला नाही मामा, दुसऱ्या टोकाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

कॅटकॉन खाली उतरवला तेव्हा मामांनी त्याच्या एका तोंडात टॉर्च धरला आणि मला दुसऱ्या तोंडातून बघायला सांगितलं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, तिच्यातून ठिपक्याठिपक्यांनी उजेड यायला पाहिजे. मला एका कडेला चंद्रकोरीएवढा उजेड दिसला, बाकी सगळं काळं. जाळी वितळून काचेच्या गोळ्यासारखी झाली होती आणि हलवलं की आत खुळखुळ्यासारखे तुकडे वाजत होते.

मामांनी लगेच दोन पर्याय दिले. "जाळी फोडून रिकामा करून देतो, हजार रुपये. नाहीतर नवा." रिकामा केला तर पिकअप आलाच असता, पण ते बेकायदेशीर आहे, पीयूसीला धोका आहे आणि पी०४२० चा दिवा जन्मभर जळत राहिला असता. बाहेरचा नवा घ्यायचा ठरवला, मजुरीसकट साडेतेरा हजार. जुन्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला किंमत आहे. मामांनी दोन हजार कापून दिले. मी घासाघीस करायला हवी होती असं नंतर तिघांनी सांगितलं.

पण नवा लगेच बसवू नका, असं मीच म्हणालो आणि या एका गोष्टीचं श्रेय पूर्ण डोंगलला. कॅटकॉन आपणहून वितळत नाही. न जळलेलं इंधन त्याच्यात जाऊन पेटतं तेव्हा वितळतो. ॲपमध्ये 'पेंडिंग' कोडची वेगळी यादी असते, ज्यांच्यामुळे दिवा अजून लागलेला नाही अशांची. तिथे पी०३०३ पडून होता. इंजिनचा तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे मध्येच पेटत नाही, आणि तेही फक्त गॅसवर, चढावर. गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरकस लागते, त्यामुळे प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल थकली की आधी गॅसवर उघडी पडते. मामांनी तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची तीनवर लावली, जुना कॅटकॉन तात्पुरता परत चढवला. दुसऱ्या दिवशी पवईचा चढ चढलो आणि खाली येऊन बघितलं तर पी०३०१. बिघाड कॉइलबरोबर जागा बदलून गेला होता. नवी कॉइल १,९००, चार प्लग नवे, आणि गॅसवर चालते म्हणून प्लगचा गॅप ०.८ मिलिमीटर ठेवला. मग नवा कॅटकॉन. हे न करता बसवला असता तर साडेतेरा हजार वर्षभरात परत वितळले असते.

त्यानंतरचे आठ महिने : २,५०० वर मॅप २८ ला येऊन ठाम बसतो. ट्रिम अधिक तीन-चार, ई२० चा तेवढा वाटा मी मोकळ्या मनाने देतो. पीयूसीत आयडलचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०४ टक्के, मर्यादा ०.३. गॅसवर सतराचं ॲव्हरेज एकवीसवर गेलं. मार्चमध्ये घाट तिसऱ्यात चढलो.

डोंगलच्या तक्रारीही आहेत. तो स्टिअरिंगखाली गुडघ्याला लागतो. चार आकडे एकदम लावले तर प्रत्येक सेकंदाला जेमतेम एकदा हलतो, त्यामुळे झटक्यात येऊन जाणारा बिघाड यात सापडणार नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, सॉकेटला बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही चालू असतो. दिवाळीत आम्ही रेल्वेने कोकणात गेलो, डोंगल गाडीतच लावलेला राहिला, दोन आठवड्यांनी येऊन बघतो तर बॅटरी ठार. आता काम झालं की काढून ग्लव्ह बॉक्समध्ये. आणि 'क्लिअर' हे बटण उगाच दाबू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचा स्पीड, आरपीएम, तापमान. पहिल्या गॅरेजने ते पुसलं नसतं तर माझा महिना वाचला असता.

एक किरकिर उरली आहे. गॅसवर दीड हजार ते अठराशे आरपीएमच्या मध्ये गाडी हलकासा झटका देते, पेट्रोलवर नाही. ट्रिम, मॅप, पेंडिंग, सगळं स्वच्छ. मामांच्या मते किटचं ट्युनिंग, माझा संशय गॅसच्या फिल्टरवर. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा फिल्टर बदलून बघतो.