जुना एअरबॉक्स दुकानात सोडून येऊ नका

बुलेटला कोन फिल्टर (डब्याशिवाय उघडा बसणारा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) लावायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे 6,800 रुपये गेले. फिल्टर नकली निघाला, पण तो यातला किरकोळ भाग आहे. दुकानदाराची खरी कमाई वेगळीकडेच होती.

गाडी 2017 ची क्लासिक 350, म्हणजे कार्ब्युरेटरवाली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आरसे घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गाडी सुरू करायला सांगितली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिनाचा दम कोंडतोय. कंपनीचा डबा काढा, कोन लावू, सरळ तीन हॉर्सपॉवर वाढेल." मग न विचारताच पुढे म्हणाला, "पण नुसता फिल्टर लावून भागत नाही हां, जेटिंग करावं लागतं. आपल्याकडे अर्धवट काम होत नाही."

हे दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि त्याचाच सगळा खेळ. एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टर ज्यात बसतो तो कंपनीचा डबा, काढला की हवेला अडथळा कमी होतो, जेटमधून (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) पेट्रोल ओढणारा दाब घटतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यासाठी मोठा जेट टाकावाच लागतो. इतकं माहिती असलेला माणूस काम जाणतो असंच कुणालाही वाटेल. फिल्टर 4,200, जेट किट आणि सेटिंग 1,800, मजुरी 800. बिल मागितलं तर कच्च्या कागदावर आकडे लिहून दिले. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुठल्या तरी व्यक्तीच्या खात्यावर. काम आतल्या बाजूला चाललं होतं, बाहेर मला चहा पाजला. निघताना जुन्या एअरबॉक्सचं विचारलं. "तो काढताना क्रॅक झाला हो, भंगारात टाकला. आता त्याचं काय करणार?"

घरी येताना गाडी जोरात पळतेय असं वाटलं, कारण आवाज वाढला होता. उघड्या फिल्टरमधून हवा ओढली जाताना जो घुर्र आवाज येतो तो एरवी एअरबॉक्स दाबून ठेवतो. कानाला तो ताकदीसारखा वाटतो. आता हिशेब बघा. इंजिन 346 सीसीचं, पूर्ण ताकद 5,250 आरपीएमला. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा हवा आत जाते, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरतो असं धरलं तरी सेकंदाला पंधरा लिटर. स्वच्छ कागदी फिल्टर एवढी हवा आरामात देतो. मुळात 19.8 बीएचपीच्या इंजिनात एका फिल्टरने तीन वाढतील म्हणणारा थाप मारतोय, हे तिथेच ओळखा.

मग त्रास सुरू झाला. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, सिग्नलवरून निघताना गाडी अडखळायची, सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन भट्टीसारखं तापायचं. दुकानात फोन केला तर "सेट व्हायला वेळ लागतो, चालवा बिनधास्त".

भांडुपला आमच्या मेकॅनिकमामांकडे गाडी नेली. त्यांनी स्पार्क प्लग काढून हातात दिला, पांढराफटक. मिश्रण पातळ असल्याची ही सरळ खूण. कार्ब्युरेटर उतरवला तेव्हा खालच्या वाटीच्या स्क्रूंवर तेल-धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता. वाटी उघडल्याशिवाय मेन जेट बदलता येत नाही. जेटवर आकडा कोरलेला असतो, मामांनी तो वाचून दाखवला: कंपनीचाच. जेट किट गाडीत गेलंच नव्हतं.

फिल्टरची तऱ्हा तर आणखी वाईट. रबरी गळा ढिला, क्लॅम्प आवळूनही फिरायचा. कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घातलं तर बारीक कचकच लागली. मेट्रोच्या खोदकामाची धूळ थेट इंजिनात जात होती. एअरबॉक्सला जोडलेली ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी तशीच लोंबत सोडलेली. "पावसाळ्यात हिंदमाताला पाण्यात घातली असती तर इंजिनानं पाणी ओढलं असतं," मामा म्हणाले. उघडा फिल्टर आणि आपला जुलै, हे मुंबईत जमणारं काम नाही.

आता मुख्य गोष्ट. मामा म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून तरी त्याच दुकानात जुना एअरबॉक्स विचारून बघ. माझ्या भाच्याला पाठवलं. भाच्याला एक "एकदम ओके कंडिशन" एअरबॉक्स दाखवला, भाव 2,500. त्याने फोटो पाठवला. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने फिल्टर बदलल्याची तारीख होती, मामांच्या अक्षरात. क्रॅक वगैरे काही नव्हतं.

दोघांनी जाऊन तारीख दाखवली तेव्हा दुकानदार आधी हसला, मग पोऱ्यावर ओरडला, मग "दादा, गैरसमज झाला". एअरबॉक्स पैसे न घेता परत दिला. जेटच्या पैशांचा विषय काढला की मात्र "बिल दाखवा".

थोडक्यात त्याचा धंदा असा: तुमच्याच पैशाने तुमचा चांगला पार्ट काढून घ्यायचा आणि गाडी बिघडून तुम्ही किंवा दुसरा कुणी आला की विकायचा. म्हणून काढलेला प्रत्येक पार्ट, तुटका असला तरी, घरी आणा. जेट बदलला म्हणतात ना, मग जुना जेट हातात मागा. काम डोळ्यांसमोर करून घ्या, चहा नंतर प्या. फिल्टर इम्पोर्टेड असल्याचा दावा असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर नुसतं लाल चकचकीत नाव होतं.

चांगल्या कंपनीचा धुऊन वापरायचा फिल्टर वाईट असतो असं मी म्हणत नाही. कंपनीच्या एअरबॉक्सच्या आत बसणारा मिळतो, तो घ्या हवं तर, फक्त धुतल्यावर तेल बेताने लावा. बीएस 6 बुलेटवाल्यांनी जेटचं नाव काढणाऱ्यापासून लांबच राहावं, तिथे कार्ब्युरेटरच नाही. आणि परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड मालकाला होऊ शकतो, दुकानदार तिथे भरायला येत नाही.

मामांनी एअरबॉक्स बसवला, नवा कागदी फिल्टर टाकला, फटफट थांबली. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्या झाकणाचा फोटो. तक्रार सुरू आहे म्हणून दुकानाचं नाव इथे लिहिलेलं नाही.