रोड रनर की शेव्हेल? ड्रॅग स्ट्रिपसाठी १९६९ ची कोणती गाडी घ्यावी

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे उभी गाडी सोडून सरळ रेषेत पळवायचा शर्यतीचा रस्ता. तिथलं अंतर क्वार्टर माइल म्हणजे १,३२० फूट. तेवढ्या अंतरासाठी जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाची दणकट गाडी) घ्यायची ठरवली आणि हेमी, म्हणजे क्रायस्लरच्या त्या नावाजलेल्या इंजिनाची गाडी, परवडणारी नसेल, तर शोध बऱ्याचदा दोन गाड्यांपाशी येऊन थांबतो. एक, ३८३ घनइंच इंजिनाची १९६९ ची प्लिमथ रोड रनर. दुसरी, त्याच सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ३९६ म्हणजे इंजिनाचे घनइंच). दोघींचे चाहते इतके कट्टर, की ज्याला विचाराल तो स्वतःच्याच गाडीचं नाव घेईल. मला दोन्ही मनापासून आवडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: या दोघींतली निवड इंजिनावरून करू नका. गाडीची मागची बाजू बघून करा.

ज्याच्याकडे अमेरिकेत स्वतःचं गॅरेज आहे, सुट्टीच्या दिवशी हात काळे करायची हौस आहे आणि गाडी प्रदर्शनात उभी करायची नसून पळवायची आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय.

कागदावरचे आकडे

रोड रनरचं ३८३ कंपनीने ३३५ हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं, टॉर्क ४२५ पाउंड-फूट. शेव्हेलचं ३९६ तीन रूपांत मिळायचं: ३२५, ३५० आणि एल७८ या नावाचं ३७५ हॉर्सपॉवरचं. हे सगळे ग्रॉस आकडे. इंजिन गाडीबाहेर टेस्ट बेंचवर ठेवून, गाडीतला सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेले. नेट, म्हणजे सगळे पार्ट जोडून मोजलेले, आकडे छापायची पद्धत १९७२ पर्यंत रुळली, तेव्हा तीच इंजिनं कागदावर एकदम अशक्त दिसायला लागली. त्यामुळे ३२५ आणि ३३५ मधल्या फरकावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये. शिवाय पन्नासहून अधिक वर्षांत ही इंजिनं एकदा-दोनदा तरी उघडली गेलेली असतात. आत कुठला कॅम (झडपा उघडणारा दांडा) बसवलाय, कॉम्प्रेशन किती उरलंय, हे बाहेरच्या बॅजवरून कळत नाही.

एल७८ ची गोष्ट वेगळी. सॉलिड लिफ्टर, मोठे चौकोनी पोर्ट, होली कार्बोरेटर. वरच्या आरपीएमला ते ३८३ ला सहज मागे टाकतं. पण अस्सल एल७८ ची आजची किंमत पाहता ती गाडी स्ट्रिपवर ताणायला मन धजत नाही. इथे तुलना साध्या ३९६ शी आहे.

मागची बाजू

हिरवा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की चाकं पुढे फिरतात आणि एक्सलचं घर उलट दिशेला फिरू पाहतं, म्हणजे डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक जमिनीवरून हलकं व्हायला लागतं. या दोन गोष्टी जी गाडी आवरते ती सुटते, जी आवरत नाही ती जागच्या जागी रबर जाळत बसते.

रोड रनरला मागे पाटे आहेत. ऐकायला जुनाट वाटतं, कारण पाटे म्हटले की आपल्याला ट्रक आठवतो. पण प्लिमथ ज्या कंपनीची, त्या क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी ते फार विचारपूर्वक बसवले. एक्सल पाट्याच्या मध्यावर नाही, पुढच्या टोकाच्या जवळ आहे. त्यामुळे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि लवचीक. ताठ भाग एक्सलला पुढे ढकलणाऱ्या दांड्याचं काम करतो, लवचीक भाग खड्डे सोसतो. डिफरन्शियलच्या नाकावर एक रबरी ठोकळा असतो, त्याला पिनियन स्नबर म्हणतात. नाक वर आलं की तो गाडीच्या तळाला टेकतो आणि एक्सलचं फिरणं तिथेच थांबतं. ॲडजस्ट होणारा स्नबर बसवला, की ठोकळा आणि तळ यांच्यातली फट कमी-जास्त करत गाडी सुटण्याची पद्धत बदलता येते. याहून स्वस्त ट्युनिंग मला माहीत नाही. एक पाना, जमिनीवर पाठ टेकायची तयारी आणि दोन रनमधला वेळ, एवढं पुरतं. उजव्या चाकाच्या हलकं होण्यावर उपाय म्हणून सुपर स्टॉक पाटे मिळतात. त्यांचा उजवा आणि डावा पाटा मुद्दाम वेगळा केलेला असतो.

शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंग आणि चार दांडे: दोन खालचे, दोन वरचे तिरके. कागदावर ही रचना जास्त आधुनिक, आणि नीट जुळवली तर पाट्यांपेक्षा जास्त हाताळता येणारी. पण मूळ स्थितीत तिचा एक ठरलेला त्रास आहे. खालचे दांडे पत्रा वाकवून केलेले, एका बाजूने उघडे, त्यामुळे जोर आला की पिळतात. आठही टोकांना रबरी बुश. जुने बुश मऊ पडले, की सुटताना एक्सल थडथड उडायला लागतो. याला व्हील हॉप म्हणतात, आणि एक्सल, गिअर, शाफ्ट सगळ्यांचा तो शत्रू आहे. उपाय आहेत: बंद पेटीसारखे खालचे दांडे, लांबी बदलता येणारे वरचे दांडे, एक्सलवरची वरच्या दांड्यांची जागा उंचावणारे नो-हॉप बार, आणि उजव्या कॉइलमध्ये हवेची पिशवी. पिशवीत हवा थोडी वाढवली की उजवं चाक जमिनीला चिकटतं, मूळ दुखणं तेच असल्याने उपायही त्याच बाजूला. हे सगळं केल्यावर शेव्हेल अप्रतिम सुटते. पण हे सगळं करावं लागतं, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीत पहिल्याच दिवशी धरायला हवा.

एक्सल

रोड रनरच्या पावणेनऊ इंची एक्सलमध्ये गिअरचा पूर्ण संच पुढच्या बाजूने एकत्र बाहेर निघतो. दोन संच तयार ठेवता येतात, हायवेसाठी ३.२३ आणि स्ट्रिपसाठी ३.९१ (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे तेवढे फेरे). एक्सल शाफ्ट थोडे बाहेर ओढले, नट सोडले, एक संच काढून दुसरा बसवला, अर्ध्या दिवसात काम झालं. वजन मात्र जपून, संच जड असतो आणि खाली झोपलेल्या माणसाच्या छातीवर येतो.

शेव्हेलचा १२ बोल्टचा एक्सल मजबूत आहे, पण त्याचे गिअर घराच्या आतच बसतात. बदलताना शिम लावणं, दात किती खोल बसतात ते तपासणं, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळीक मोजणं आलं, म्हणजे जाणकार माणसाची मजुरी आली. दुसरी गोष्ट सुरक्षेची. या एक्सलचे शाफ्ट आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला तर त्याचा बाहेरचा तुकडा चाकासकट घरातून निसटू शकतो. वेगवान गाड्यांमध्ये म्हणूनच क्लिपऐवजी बाहेरच्या टोकाला शाफ्ट धरणारी व्यवस्था करतात. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत क्वार्टर माइल १०.९९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला ती सक्तीची आहे. माझं म्हणणं, बारा सेकंदांच्या घरात पोचलात आणि स्लिक (बिनखाचांचे) टायर लावलेत, तर नियमाची वाट बघू नका.

गिअरचं गणित सोपं आहे. २८ इंच व्यासाच्या टायरवर ताशी मैलांतला वेग गुणिले एक्सलचा गिअर गुणिले १२ केलं की टॉप गिअरमधले आरपीएम येतात. १०० मैलांना ३.२३ गिअरवर साधारण ३,८७६, ३.९१ वर ४,६९२. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर घसरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त. या दोन्ही इंजिनांची सर्वात जास्त ताकद पाच हजार आरपीएमच्या आसपास असते. म्हणजे ३.२३ घेऊन शेवटची रेषा ओलांडणारी गाडी स्वतःची बरीच कमाई रस्त्यातच सोडून येते.

गिअरबॉक्स

चार गिअरची मॅन्युअल चालवण्यात जो आनंद आहे तो ऑटोमॅटिकमध्ये नाही, हे मान्य. पण ब्रॅकेट रेसिंग करायचं तर ऑटोमॅटिकच घ्या. तिथे तुम्ही आपली वेळ आधी जाहीर करता, संथ गाडी आधी सोडली जाते, आणि जाहीर वेळेपेक्षा जलद आलात तर बाद. जिंकतो तो दर वेळी तसाच सुटणारा.

रोड रनरचं ७२७ टॉर्कफ्लाइट आणि शेव्हेलचं टर्बो ४००, दोन्ही टणक. ७२७ ची एक गोष्ट मात्र कोणी तरी समोर बसवून सांगायला हवी. बर्नआउट (शर्यतीआधी टायर गरम करायला चाकं जागच्या जागी फिरवणं) पहिल्या गिअरमध्ये करून पाय झटकन काढला, किंवा एखादा पार्ट तुटून चाकांवरचा भार अचानक गेला, तर आतला एकदिशा क्लच निकामी होऊन पुढचा ड्रम भलत्याच वेगाने फिरतो आणि फुटू शकतो. तो तुमच्या पायांजवळ असतो. बर्नआउट दुसऱ्या गिअरमध्ये करा आणि गिअरबॉक्सवर संरक्षक कवच घाला. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी किकडाउनची लिंकेज अडगळ समजून काढू नका; आतला दाब तिच्यावर ठरतो आणि ती नसली तर क्लच जळतात.

ट्युनिंग करताना

३८३ चा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, ३९६ चा मागे फायरवॉलला लागून. रांगेत उभं असताना टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन अंशांनी हलवायचं असेल, तर प्लिमथमध्ये हात सरळ पोचतो. शेव्हेलमध्ये तापलेल्या इंजिनावर ओणवं व्हावं लागतं. टायमिंग दोन्हींत सारख्याच पद्धतीने लावतात: व्हॅक्यूमची नळी काढून बंद करायची, आरपीएम वाढवायचे आणि एकूण ॲडव्हान्स ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान कुठे बरा वाटतो ते शोधायचं.

कार्बोरेटरमध्ये ३८३ वर कार्टरचा एव्हीएस, साध्या ३९६ वर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट. क्वाड्राजेटला उगाच नावं ठेवतात. त्याचे पुढचे दोन भोक बारीक आणि मागचे मोठे, त्यामुळे शहरात पेट्रोल कमी पितो आणि पूर्ण दाबल्यावर हवा भरपूर घेतो. मागची हवेची झडप फार लवकर उघडू दिली, की गाडी क्षणभर अडखळते. स्प्रिंगचा ताण थोडा वाढवला की बरी होते. एव्हीएसलाही हीच झडप ॲडजस्ट करता येते, आणि जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं भोक) बदलणं त्यात सोपं.

बदल केल्यावर निकाल कुठे बघायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक रननंतर स्ट्रिपवर मिळणाऱ्या टाइम स्लिपवर बरेच आकडे असतात. त्यातले तीन वाचायला शिका: पहिल्या ६० फुटांची वेळ, एकूण वेळ आणि शेवटचा वेग. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो. ६० फुटांची वेळ मागच्या बाजूची हुशारी सांगते. समजा स्लिपवर २.१५ सेकंद, १३.९ सेकंद आणि १०१ मैल असं आलं. वजन आणि ताकद यांच्या नेहमीच्या सूत्राने १०१ मैलांची गाडी साधारण १३.५ मध्ये यायला हवी. वरचे चार दशांश इंजिनाने गमावलेले नाहीत, सुटताना गेलेत. ६० फुटांत एक दशांश वाचवला की शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात. म्हणून २.१५ चे १.९५ करणं हे नव्या कॅमपेक्षा आणि नव्या हेड्सपेक्षा जास्त मोलाचं, आणि बरंच स्वस्त. टायमिंगचा किंवा जेटचा परिणाम बघताना मात्र वेगाकडे बघा, वेळेकडे नको. वेळेत सुटण्याची चूक मिसळलेली असते.

विकत घेताना

१९६९ ला एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन पॅकेज होतं. त्यामुळे चेसिस नंबरवरून अस्सल एसएस ओळखता येत नाही. रोड रनरचा नंबर आरएम ने सुरू होतो आणि पाचवं अक्षर एच असेल तर ३८३. अस्सलपणाची किंमत देणार असाल तर प्लिमथ तपासायला सोपी. पण पळवायचीच असेल, तर उलटा विचार करा: साधी व्ही-८ मॅलिबू (शेव्हेलचंच साधं रूप) घ्या, तिच्यात मोठं इंजिन घाला, एसएसच्या बॅजचे पैसे वाचवून एक्सलमध्ये गुंतवा. शेव्हेलचे पार्ट अमेरिकेत मुबलक मिळतात, आणि बाहेरून ३९६ सारखंच असणारं ४५४ त्याच माउंटवर बसतं. प्लिमथमध्ये ३८३ चं ४४० करता येतं, पण ते उंच इंजिन असल्याने इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो.

गंज दोन्हींना खातो, पण प्लिमथला जास्त महागात पडतो. तिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. पाट्यांचे पुढचे हँगर जिथे बसतात तिथला पत्रा किंवा टॉर्शन बारची (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळणाऱ्या दांड्यांची) आडवी पट्टी गंजली असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, गाडी सोडून द्या. शेव्हेलची चेसिस वेगळी असल्याने बॉडी उचलून दुरुस्ती करता येते.

स्ट्रिपही आधी बघून ठेवा. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना इंग्लिशटाउन हाताशी होतं, तिथलं ड्रॅग रेसिंग २०१८ च्या सुरुवातीला बंद झालं. आता ग्रेट मेडोजचा आयलंड ड्रॅगवे किंवा पेनसिल्वेनियातला मेपल ग्रोव्ह गाठावा लागतो. १३.९९ किंवा त्याहून जलद गाडीला हेल्मेट लागतं. ११.४९ पासून अशा जुन्या गाडीला रोल बार लागतो, आणि १९६९ च्या गाडीत तो कुठे वेल्ड होतोय हा प्रश्न पुन्हा गंजापाशीच येतो.

मग कोणती?

पहिलीच गाडी, एकट्याने काम करणारा माणूस, मर्यादित पैसे आणि ब्रॅकेट रेसिंगची इच्छा: ऑटोमॅटिक रोड रनर, पण फक्त तळ निरोगी असेल तरच. ती फार काही न बदलता सरळ सुटते आणि तिचे गिअर घरी बदलता येतात. पुढच्या काही वर्षांत अकराच्या घरात जायचं असेल, ४५४ डोक्यात असेल आणि मागच्या चार दांड्यांवर आधी खर्च करायची तयारी असेल, तर मॅलिबूच्या रूपातली शेव्हेल. तळ गंजलेली रोड रनर आणि मूळ दांड्यांवरची महागडी एसएस, या दोन्हींना नकार द्या. व्यवहारापूर्वी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा, पाट्यांच्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आणि शेव्हेल असेल तर बुशना पहारीने हलवून बघा. विकणारा लिफ्टला तयार नसेल, तर पुढची जाहिरात उघडा.