कॉम्पॅक्ट गॅस स्टोव्ह: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगते. सह्याद्रीत एक-दोन मुक्कामांचे ट्रेक करत असाल आणि वर जाऊन मुख्यतः पाणीच उकळत असाल, तर हा स्टोव्ह जरूर घ्या. गडावर फोडणी देऊन रीतसर स्वयंपाक करायचा असेल, तर घेऊ नका. मधला मार्ग नाही, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही.

मी बोलतेय ते एकसंध स्टोव्हबद्दल. खाली गॅसचा छोटा डबा, त्यावर बर्नर आणि बर्नरवर खाच्यात फिरवून घट्ट बसणारं उभट भांडं. भांड्याच्या तळाला ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांचं कडं असतं, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. एरवी भांड्याच्या कडेने वाया जाणारी आच ही पाती धरून ठेवतात. बाहेरून निओप्रीनचं जाकीट असतं, त्यामुळे भांडं हातात धरता येतं. अमेरिकेतल्या जेटबॉइलने ही रचना २००४ साली बाजारात आणली, आता अनेक कंपन्या तसेच स्टोव्ह बनवतात. माझा त्याच धर्तीचा, चिनी बनावटीचा आहे. डबा सोडून वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, किंमत पाच हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही स्टोव्हला लागू पडतं.

तुलनेला माझ्याकडे एक सुटा बर्नर होता. डब्यावर फिरवून बसवायचा, मुठीत मावतो, वर घरचं कुठलंही पातेलं चालतं. असे सुटे बर्नर फारच हलके असतात. बीआरएस-३०००टी तर फक्त २५ ग्रॅमचा आहे. मग सहाशे ग्रॅम पाठीवर का घ्यायचे, हा प्रश्न ग्रुपमधल्या प्रत्येकाने विचारला. उत्तर मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर शोधलं.

गॅसचा डबा आधी तोलायचा, अर्धा लिटर पाणी उकळायचं, पुन्हा तोलायचा. मध्यम आचेवर या स्टोव्हला अर्ध्या लिटरला साधारण पाच ग्रॅम गॅस लागला. सुट्या बर्नरवर, झाकण ठेवलेल्या पातेल्यात, सात ते आठ ग्रॅम. हे ओट्यावर, खिडक्या बंद असताना. हिशेबानेही ते पटतं: अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला दीडशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे काहीही वाया गेलं नाही तरी साडेतीन ग्रॅम गॅस लागणारच. बाकीचा हवेत जातो. आच पूर्ण सोडली की पाणी लवकर उकळतं पण गॅस जास्त खातं, म्हणून मी नॉब कधीच शेवटपर्यंत फिरवत नाही.

शंभर ग्रॅमच्या डब्यात या हिशेबाने दहा लिटर पाणी उकळतं. दोघांना एका मुक्कामाला, दोन वेळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून, तीन लिटर पुरतं. म्हणजे एका छोट्या डब्यात तीन मुक्काम.

पण खरा फरक वाऱ्याने दाखवला. राजगडाच्या संजीवनी माचीकडे किंवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ ज्यांनी चहा करायचा प्रयत्न केलाय त्यांना वारा म्हणजे काय ते सांगायला नको. सुट्या बर्नरची ज्योत तिथे आडवी पडते, पाण्यातून वाफा निघत राहतात आणि उकळी काही फुटत नाही. तिथे सात-आठ ग्रॅमचा हिशेब सहज दुप्पट होतो. एकसंध स्टोव्हची ज्योत पात्यांच्या कड्यात लपलेली असते, त्यामुळे तो बराच तग धरतो. अगदी भन्नाट वाऱ्यात तोही विझतो. मग पाठपिशव्यांची भिंत करून बसावं लागतं. एमएसआरच्या विंडबर्नरमध्ये उघडी ज्योतच नसते, जाळी तापून लाल होते, म्हणून वाऱ्यासाठी तो सर्वांत भरवशाचा मानतात. पण त्याची किंमत भारतात फारच होते.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. सुटा बर्नर वापरणारे पुण्याच्या बोहरी आळीतून पत्रा आणून त्याचा गोल आडोसा करतात. तो पत्रा डब्याभोवती पूर्ण गुंडाळू नका. आतली उष्णता डब्यावर परतते आणि डबा पन्नास अंशांच्या वर तापू देणं धोक्याचं आहे. आडोसा वाऱ्याच्या बाजूनेच ठेवा, आणि मधूनमधून डब्याला हात लावून पाहा. एप्रिलमधल्या उन्हात बंद गाडीत डबा ठेवून जाऊ नका, तेही याच कारणाने.

थंडीचा अनुभव वेगळा. सह्याद्रीत हिमालयासारखं गोठत नाही, पण डिसेंबरच्या पहाटे अर्धा संपलेला डबा मरगळतो. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश, आयसोब्युटेनचा जवळपास उणे बारा, प्रोपेनचा उणे बेचाळीस. गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच आणखी गार होतो, म्हणून हवा आठ-दहा अंश असली तरी नुसत्या ब्युटेनची ज्योत बसते. डब्यावर आयसोब्युटेन-प्रोपेन असं मिश्रण लिहिलेलं पाहूनच घ्या. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवला, किंवा सकाळी ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यात उभा केला, की ज्योत सुधारते. ताटली मात्र आठवणीने न्यावी लागते.

पावसाळ्यात सगळ्यात आधी संपावर गेलं ते ठिणगीचं बटण. दमट हवेत पिएझो हमखास रुसतो. लायटर आणि मेणकागदात गुंडाळलेली काडेपेटी कायम जवळ असू द्या. डब्याच्या कडेला गंज चढतो, तो घरी आल्यावर पुसून काढायचा. वाल्व्हमधली रबरी चकती तडकली नाही ना, हे प्रत्येक ट्रेकआधी बघायचं. स्टोव्ह लावताना कान देऊन फुस्स ऐकू येतंय का, हेही. तंबूच्या आत पेटवायचा नाही, कितीही पाऊस असला तरी: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उंच भांडं छोट्या डब्यावर म्हणजे डोलारा असतो. सोबत येणारी तीन पायांची प्लॅस्टिकची बैठक किरकोळ वाटते, पण कातळावर तिच्याशिवाय चालत नाही. उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर गडावरून खाली येईपर्यंत उपचार नाहीत, हे लक्षात ठेवून मी लहान मुलांना या स्टोव्हच्या हातभर अंतरातही येऊ देत नाही.

आता खाण्याबद्दल, कारण निर्णय शेवटी त्यावरच ठरतो. या भांड्याचा तळ अरुंद आणि आच एकवटलेली. डाळ-तांदळाची खिचडी खाली करपते आणि वर कच्ची राहते. राजगडाच्या उंचीवर, म्हणजे चौदाशे मीटरच्या आसपास, पाणी पंच्याण्णव अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ आणखी वेळ घेते. दूध उतू जायला क्षणही लागत नाही आणि ते पात्यांत गेलं की वास जाता जात नाही. तेल तापवून फोडणी तर नकोच. भांडं कोरडं तापलं तर पाती वितळू शकतात. आच बारीक ठेवता येणारे, प्रेशर रेग्युलेटर असलेले स्टोव्ह मिळतात, जेटबॉइलचा मिनीमो त्यातलाच. ज्यांना मंद आचेवर काही शिजवायचं आहे त्यांनी तो बघावा.

मी स्वयंपाक घरीच उरकते. रवा खमंग भाजून, त्यात फोडणी, सुकं खोबरं, मीठ, साखर आणि लिंबूफूल घालून डब्यात भरते. वर गेल्यावर आधण ठेवायचं, उकळी आली की स्टोव्ह बंद करायचा, उकळतं पाणी रव्यावर ओतायचं आणि डबा टॉवेलात घट्ट गुंडाळून दहा मिनिटं विसरायचं. उपमा छान फुलतो. भाजलेल्या शेवया, जाडे पोहे, मुगाच्या डाळीची आणि तांदळाची भाजलेली बारीक भरड, सगळं याच रीतीने होतं. कुळथाची पिठी तेवढी भांड्यातच करावी लागते; पातळ ठेवून सतत ढवळली तर लागत नाही, आणि थंडीत तिच्यासारखं दुसरं काही नाही. चहाला पाणी, आलं, साखर, पावडर उकळून घ्यायची आणि दुधाची पावडर ज्योत बंद केल्यावर घालायची.

पायथ्याच्या गावात कोणी पिठलं-भाकरी करून देत असेल तर ती तिथेच जेवा. त्या घराला चार पैसे मिळतात आणि चुलीवरच्या भाकरीची सर कुठल्याच स्टोव्हला नाही. मी हा स्टोव्ह घेतला तो वरच्या मुक्कामासाठी.

आणि वर चूल नको, हे मला मनापासून वाटतं. पूर्वी तीन दगड मांडून, आजूबाजूचं सरपण गोळा करून खिचडी होत असे. आता शनिवार-रविवारी गडावर येणारी गर्दी बघता तेवढं सरपण जंगलाने कुठून द्यायचं? हिवाळा सरला की डोंगरउतारावरचं गवत कोरडं ठणठणीत होतं, एका निखाऱ्याने वणवा लागतो आणि अख्खा उतार काळा पडतो. गुहांच्या आणि देवळांच्या भिंतींवर बसलेली काजळी तर कोणी धुवून काढू शकत नाही. राजगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या दगडांवर आपल्या चहाचा धूर चढावा, हे मला सहन होत नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे आगीचे नियम कडक आहेत. मुक्कामाला आणि गॅस स्टोव्हला परवानगी आहे का, हे वनखात्याच्या चौकीवर किंवा गावात विचारूनच वर जा. परवानगी असली तरी आधी जमिनीवरचं सुकं गवत हातभर बाजूला करा आणि कातळावर मांडा.

घेण्याआधी पुण्यात तुम्हाला डबा कोणता मिळतो ते बघा आणि मग स्टोव्ह निवडा. हा क्रम उलटा करू नका. सहज मिळतो तो लांबट, स्प्रेच्या बाटलीसारखा डबा. तो टेबलावरच्या आडव्या शेगडीचा, आणि त्यात बहुतेकदा नुसतं ब्युटेन असतं. या स्टोव्हला आट्यांचा, बसका डबा लागतो. तो ट्रेकिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. लांबट डब्यासाठी ॲडॉप्टर मिळतात, पण डबा आडवा ठेवावा लागतो आणि खाच नेमकी वरच्या बाजूला हवी, नाहीतर द्रवरूप गॅस येऊन भडका उडतो. घरच्या सिलिंडरमधून डबा भरून देणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. या डब्यांची बांधणी त्यासाठी नसते.

विमानात डबा नेता येत नाही, रेल्वेतही नाही, एसटीतही ज्वालाग्राही वस्तूंना मनाई आहे. आम्ही राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला जातो ते स्वतःच्या गाडीने. हिमालयात जाणार असाल तर स्टोव्ह इथून न्या आणि डबा मनाली किंवा लेहला पोहोचल्यावर विकत घ्या.

नवीन डब्यावर मार्करने वजन लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी किती उरलाय ते काट्यावर लगेच कळतं. संपलेला डबा गडावर सोडायचा नाही, खाली आणायचा. घरी गच्चीत उघड्यावर तो ज्योत पूर्ण विझेपर्यंत जाळते आणि मग वाल्व्ह दाबून फुस्स येत नाही ना ते पाहते. त्यानंतर त्याला भोक पाडते आणि सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंच्या हातात देते, रिकामा आहे असं सांगून.