निबंध तपासणार कोण? आयईएलटीएस की पीटीई

परदेशी विद्यापीठाने आयईएलटीएस आणि पीटीई या इंग्रजीच्या परीक्षांपैकी कुठलीही चालेल असं कळवलं, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं आधी फी आणि केंद्राचं अंतर बघतात. मी आधी हे बघायला सांगेन: तुमचा निबंध वाचणार कोण?

आयईएलटीएसमध्ये माणूस वाचतो, परीक्षा कॉम्प्युटरवर दिली तरीही. पीटीई २००९ मध्ये आली तीच सॉफ्टवेअरच्या तपासणीवर. २०२५ पासून काही उत्तरांच्या आशयावर माणसाचीही नजर असते, पण मुख्य भार यंत्रावरच.

हे यंत्र आपल्यासारखं वाचत नाही. माणसांनी गुण दिलेले पुष्कळ निबंध त्याला आधी दाखवलेले असतात. शब्दांचा आवाका, व्याकरणाच्या चुका, रचना अशा मोजता येणाऱ्या खुणांवरून परीक्षकाने किती गुण दिले असते, याचा ते अंदाज बांधतं. एलिस पेज यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत याची सुरुवात केली. अंदाज बऱ्याचदा परीक्षकाच्या जवळ जातो, म्हणून पद्धत टिकली. पण २०१४ मध्ये एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी भारदस्त, अर्थशून्य निबंध तयार करणारा प्रोग्रॅम दाखवला आणि अशा यंत्रांनी त्या निबंधांना चांगले गुण दिले. म्हणून कुणी ‘जड शब्द पेरा’ म्हणालं तर मुळीच ऐकू नका. पीटीईत आशयाला शून्य मिळालं तर अख्ख्या निबंधाला शून्य.

विचार पक्का पण स्पेलिंग कच्चं, असं मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांचं असतं. त्यांनी आयईएलटीएस घ्यावी. तिथे प्रश्नातच स्वतःच्या अनुभवातली उदाहरणं मागतात. पर्यटनावरच्या निबंधात मालवणच्या रापणकराचं पोरगं आता स्कूबाच्या बोटीवर जातं, हे दोन वाक्यांत नीट मांडलं तर परीक्षकाला मुद्दा पोचतो. स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘रापण’ ही चूकही वाटू शकते. पीटीईला बसलात तर ‘मासेमारीचं जाळं’ अशा अर्थाचा साधा इंग्रजी शब्द लिहा.

टायपिंग सफाईदार आणि व्याकरण चोख असेल तर पीटीई बरी. वीस मिनिटांत २०० ते ३०० शब्द लिहायचे असतात, आणि निकाल सहसा दोन दिवसांत हातात येतो. प्रवेशाची तारीख तोंडावर आली असेल तर हा मोठाच आधार. आयईएलटीएसच्या मोठ्या निबंधाला किमान २५० शब्द लागतात आणि त्यासाठी साधारण चाळीस मिनिटं धरतात. गुण कमी वाटले तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. गुण बदलले तर तिची फी परत मिळते.

अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा द्यावी लागली तर तिथे दोघंही आहेत: एक परीक्षक आणि एक यंत्र. दोघांच्या गुणांत फार फरक पडला तर दुसरा परीक्षक वाचतो. मला हीच पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटते. ही परीक्षा घरूनही देता येते. मात्र आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून त्या महिन्यांत केंद्रावरचीच तारीख घ्या.